जॅझचा इतिहास : तबकडीवर आलेला आणि न आलेला

जुनी तबकडी (धागाकर्ता)

जॅझच्या इतिहासाची सुरुवात सांगताना बहुतेक वेळा २६ फेब्रुवारी १९१७ ही तारीख दिली जाते. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ या पाच गोऱ्या वादकांच्या संचाचे वादन मुद्रित केले. त्यांच्या ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’मध्ये कॉर्नेट (ट्रंपेटसारखे पितळी वाद्य) घोड्यासारखे खिंकाळते, क्लॅरिनेट कोंबड्यासारखे आरवते आणि ट्रॉम्बोन गाईसारखे हंबरते. तबकडी धडाक्याने खपली. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत निदान वीस वर्षे मुरलेले संगीत जगाला पहिल्यांदा ऐकू आले ते असे, गोठ्यातल्या नकलांच्या रूपात आणि दुसऱ्यांच्या हातून. या संचाचा म्होरक्या निक लारोका हा सिसिलीहून आलेल्या कुटुंबातला न्यू ऑर्लिन्सचाच मुलगा होता. पुढे त्याने जॅझ ही गोऱ्यांचीच निर्मिती असल्याचा हट्ट धरला.

आपण ज्याला जॅझचा इतिहास म्हणतो तो बऱ्याच अंशी ध्वनिमुद्रणाचा इतिहास आहे, असे माझे मत आहे. मुद्रणाच्या खोलीत कोणाला बोलावले गेले आणि तबकडीच्या मधल्या गोल कागदावर कोणाचे नाव छापले गेले, यावर कोण थोर ठरला आणि कोण विस्मरणात गेला हे अवलंबून राहिले. चर्चा या अंगाने व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

आता थोडे मागे जाऊ. न्यू ऑर्लिन्स हे शहर आधी फ्रेंचांचे, मग स्पॅनिशांचे आणि १८०३ नंतर अमेरिकेचे. फ्रेंच अमलातल्या १७२४ च्या संहितेने गुलामांना रविवारची सुट्टी दिली होती. १८१७ मध्ये नगरपालिकेने त्यांच्या रविवारच्या नाचगाण्याला एकच जागा नेमून दिली, आणि तीच पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. अमेरिकेत इतरत्र आफ्रिकी ढोलांवर मालकांची करडी नजर असताना येथे ते उघड्या मैदानात वाजत होते. बेंजामिन लॅट्रोब या वास्तुविशारदाने १८१९ मध्ये तेथली वाद्ये पाहून त्यांची रेखाटने केली, आणि त्यांतले एक तंतुवाद्य भोपळ्याचे आहे. सतारीचा भोपळा पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला ते रेखाटन पाहून गंमत वाटते, पण साम्य तेथेच संपते.

याच शहरात क्रिओल नावाचा एक मधला समाज होता. हे लोक मिश्र वंशाचे, फ्रेंच बोलणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र असलेले. त्यांची मुले शिक्षकाकडे जाऊन युरोपीय पद्धतीने क्लॅरिनेट किंवा व्हायोलिन शिकत आणि कागदावरून वाजवत. कालव्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅनाल स्ट्रीटच्या पलीकडे, अपटाऊनमध्ये, पूर्वीच्या गुलामांची मुले कानाने वाजवत. त्यांच्या वादनात चर्चमधली आर्त गाणी आणि ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची लोकगाणी, मिसळलेले असे. दोघांत फारसे येणे-जाणे नव्हते. १८९० मध्ये लुइझियानाने रेल्वेच्या डब्यांत वंशभेद आणणारा कायदा केला. त्याला आव्हान देणारा होमर प्लेसी न्यू ऑर्लिन्सचा क्रिओलच होता आणि १८९६ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. क्रिओलांचे मधले स्थान गेले, उच्चभ्रूंकडची कामे आटली आणि वाचून वाजवणाऱ्यांना कानाने वाजवणाऱ्यांच्या शेजारी बसावे लागले. एका अन्याय्य कायद्याने दोन परंपरा एका व्यासपीठावर ढकलल्या, हे जॅझच्या जन्मकथेतले मला सर्वांत विलक्षण वाटणारे सत्य आहे.

त्या व्यासपीठावरचे पहिले मोठे नाव बडी बोल्डन याचे. जन्म १८७७, वाद्य कॉर्नेट. त्याचा आवाज इतका दांडगा होता की तो कित्येक मैलांवर ऐकू जाई, असे जुने वादक सांगत. १९०६ मध्ये त्याचे मानसिक संतुलन ढळले, १९०७ मध्ये त्याला जॅक्सन येथील वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले आणि तेथेच १९३१ मध्ये तो वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी नाही. त्याने मेणाच्या नळीवर मुद्रण केले होते असे म्हणतात, पण ती नळी आजवर कोणाला सापडलेली नाही. ज्याच्यापासून सुरुवात मानायची, त्याचा एक सूरसुद्धा आपण ऐकू शकत नाही.

मध्यलय

धागा आवडला. मात्र मुद्रणाकडे केवळ अन्यायाचे साधन म्हणून पाहू नये, असे मला वाटते. आयोवातल्या डॅव्हनपोर्ट या गावात राहणाऱ्या बिक्स बायडरबेक या मुलाने नेमक्या याच डिक्सीलँड बँडच्या तबकड्या घरच्या यंत्रावर लावून, त्यांच्याबरोबर वाजवत कॉर्नेट आत्मसात केला आणि १९२० च्या दशकात तो अत्यंत मौलिक वादक म्हणून नावारूपाला आला. न्यू ऑर्लिन्सला न जाता जॅझ शिकण्याची सोय तबकडीने केली. आपल्याकडेही अनेक गायकांनी दूरच्या घराण्यांची गायकी तबकड्यांवरूनच कानात साठवली.

दुसरे असे की मुद्रणाने संगीताचा आकारच बदलला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. नाचाच्या दालनात पंधरा-वीस मिनिटे चालणारी चीज तीन मिनिटांत बसवायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला काही सेकंद येत. १९२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवादकाच्या संचाने इंडियानातल्या रिचमंड येथे, जेनेट कंपनीच्या रेल्वेमार्गालगतच्या मुद्रणगृहात, जे वाजवले ते विजेविना, मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून. ढोल जोरात वाजला तर सुई उडे, म्हणून संचातल्या बेबी डॉड्स या ढोलवादकाने ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर ताल धरला. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट सर्वांना झाकून टाकत असल्यामुळे त्याला इतरांपासून बराच मागे उभे केले होते, अशी आठवण सांगितली जाते. आज त्या तबकड्या ऐकून ‘आरंभीच्या जॅझमध्ये ढोल क्षीण असे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे छायाचित्र कृष्णधवल आहे म्हणून त्या काळी रंगच नव्हते असे म्हणण्यासारखे आहे.

बोल्डनच्या छायाचित्राचीही हीच गत आहे. त्याच्या संचाचे एकच छायाचित्र उपलब्ध आहे आणि ते उलटे छापले गेले आहे की सुलटे, यावर अभ्यासकांत वाद आहे. एका बाजूने पाहिले तर गिटार आणि बास वाजवणारे डावखुरे दिसतात. फिरवून पाहिले तर क्लॅरिनेटवाल्यांचे हात चुकीच्या जागी पडतात.

गायकीवेडा

मी शास्त्रीय संगीताचा श्रोता आहे, जॅझ अलीकडेच ऐकू लागलो आहे. लोक म्हणतात की आपल्यासारखीच जॅझमध्येही उपज असते. पण मी ऐकतो तेव्हा आलापासारखी सावकाश बढत कुठे दिसत नाही आणि सगळे एकदम धावत सुटल्यासारखे वाटते. वादक नेमके कशाच्या आधाराने उपज करतात, हे कोणी समजावून सांगेल का?

मध्यलय

आधार आवर्तनाचाच आहे, फक्त त्या आवर्तनात मात्रांबरोबर स्वरमेळही ठरलेले असतात. ब्लूजचे आवर्तन बारा मापांचे म्हणजे चार-चारच्या हिशेबाने ४८ मात्रांचे, आणि लोकप्रिय गाण्याचे बहुधा बत्तीस मापांचे म्हणजे १२८ मात्रांचे असते. प्रत्येक मापात पियानो किंवा गिटार कोणता कॉर्ड, म्हणजे स्वरमेळ, धरणार हे सर्वांना ठाऊक असते. एकल वादक त्या बदलत्या कॉर्डांना अनुसरून नवी सुरावट रचत जातो आणि आवर्तन संपले की पुन्हा पहिल्या मापावर येतो. तुम्ही रागाच्या चौकटीत स्थिर षड्जावर उभे राहून विस्तार करता, येथे मात्र पायाखालची जमीन दर दोन-चार मात्रांनी सरकत असते. त्यामुळे धावपळ वाटणे स्वाभाविक आहे. लयीचेही तसेच. एका मात्रेचे दोन समान भाग न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवला की जो झोका मिळतो त्याला ते ‘स्विंग’ म्हणतात. तो कागदावर लिहून दाखवता येत नाही, कानाने घ्यावा लागतो.

आपल्याला जवळचे वाटेल असे वादन १९५९ नंतर अधिक सापडेल. त्या वर्षी माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये कॉर्डांची गर्दी कमी करून एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ राहण्याची पद्धत घेतली. त्यात जॉन कोल्ट्रेन सॅक्सोफोनवर होता. पुढे कोल्ट्रेनने १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव पंडित रविशंकरांवरून रवि ठेवले. ऐकायला सुरुवात तेथून करा. मात्र ‘त्यांनी आपला राग घेतला’ असे लगेच म्हणू नका. त्यांनी आपल्याकडून एक धीर घेतला, एवढे म्हणता येईल.

जुनी तबकडी (धागाकर्ता)

गायकीवेडा यांच्या प्रश्नामुळे नावाचा मुद्दा पुन्हा हाती आला. राग कोणाच्या मालकीचा नसतो, बंदिशीला मात्र रचनाकार असतो. जॅझमध्ये कॉर्डांचा क्रम कोणाच्या मालकीचा नाही, सुरावटीवर मात्र हक्क सांगता येतो. या फटीतून एक मोठे प्रकरण घडले. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील ‘मिंटन्स प्लेहाऊस’ या क्लबात १९४० च्या दशकाच्या आरंभी थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर ही मंडळी रात्री उशिरापर्यंत वाजवत बसत आणि त्यातून बीबॉप ही जॅझची वेगवान, गुंतागुंतीची शैली आकाराला आली. नेमक्या त्याच काळात, १ ऑगस्ट १९४२ पासून, वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार टाकला होता. सगळ्या बड्या कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. म्हणजे जॅझमधल्या सर्वांत मोठ्या स्थित्यंतराची सुरुवातीची दोन वर्षे जवळजवळ मूक आहेत. तबकड्या ऐकणाऱ्यांना बीबॉप आकाशातून पडल्यासारखे वाटले ते यामुळेच.

बहिष्कार उठल्यावर पार्करने २६ नोव्हेंबर १९४५ रोजी सव्हॉय कंपनीसाठी ‘को-को’ वाजवले. ते ‘चेरोकी’ या लोकप्रिय गाण्याच्या कॉर्डांवर उभे आहे, पण सुरावट पूर्ण नवी आहे. यामागे कलात्मक कारण होतेच, पण मूळ गाण्याच्या मालकाला मानधन देण्यातून कंपनीची सुटका होई, हेही एक कारण होते. हक्काचा खेळ जुनाच होता. ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’वरून १९१७ मध्येच शिकागोत खटला झाला, आणि न्यायाधीशाने दोन्ही बाजूंच्या गोऱ्या दावेदारांचा हक्क फेटाळला. ज्यांच्याकडून ते संगीत आले ते अर्थातच न्यायालयात नव्हते.

साष्टीकार

धागाकर्त्यांचा मुद्दा मुंबईलाही जसाच्या तसा लागू होतो. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला संच घेऊन मुंबईत ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागोमाग ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि शांघाय गाजवून आलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. अमेरिकेतल्या वंशभेदापासून दूर, चांगल्या पगारावर येथे काम करता येई. ज्या हॉटेलांत ते वाजवत तेथल्या वसाहतवादी शिष्टाचाराकडे पाहता ही सुटका अर्धीच होती, हे वेगळे.

त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर वाजवणारे बहुतांश आमचे गोंयकार होते. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेजो, म्हणजे स्वर वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवत. नोकरीसाठी मुंबईत आलेला मुलगा धोबीतलाव भागात आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, उतरे आणि नोटेशन वाचता येते या भांडवलावर बँडमध्ये शिरे. वाचता येणे ही सोय होती आणि अडचणही, कारण जॅझमध्ये कागद सोडून वाजवावे लागते. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओलांबद्दल वर वाचताना मला आमचीच माणसे दिसत होती.

त्यांतले ठळक नाव चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ. तो ट्रंपेट वाजवी आणि ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणवला जाई. १९५० पासून मुंबई राज्यात कडक दारूबंदी आली, क्लबांचा धंदा बसला आणि वादक चित्रपटांच्या मुद्रणगृहांकडे वळले. तेथे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, अर्थात सी. रामचंद्र यांनी, त्यांचा मनसोक्त उपयोग केला. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट आणि त्याचा संच पडद्यावरही दिसतो. पडद्यावर दिसण्याचे हे भाग्य इतरांना क्वचितच लाभले. संगीतकार चाल गाऊन दाखवी. ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवणे, मधले तुकडे रचणे, गायिकेच्या ओळीमागून धावणारा ऑब्लिगाटो लिहिणे आणि पन्नास वादकांपुढे कागद ठेवणे, ही कामे अरेंजरची. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे वर्षानुवर्षे केले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव ‘सहायक’ म्हणून येई, तबकडीवर मात्र गायक, गीतकार आणि संगीतकार एवढेच असत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचे नाव घराघरात पोहोचले ते १९७७ मध्ये, एका विनोदी गाण्याच्या मुखड्यातून. शिष्याने ती गुरुदक्षिणा म्हणून दिली होती, हे ऐकणाऱ्या लाखोंपैकी कितीजणांना कळले असेल?

परखड

साष्टीकार यांच्याबद्दल आदर राखून एक आक्षेप नोंदवतो. हिंदी चित्रपटगीतात ट्रंपेट वाजला म्हणून ते जॅझ होत नाही. ‘समाधी’ (१९५०) मधले ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ हे सरळ ‘चिको चिको फ्रॉम पोर्टो रिको’ या गाण्याच्या चालीवर बेतलेले आहे. त्यात उपज कुठे आहे? प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला, तीन मिनिटांत बसवलेला. याला जॅझचा प्रभाव म्हणायचे की जॅझची वेशभूषा? शिवाय त्यातला बराच भाग लॅटिन अमेरिकी नाचाच्या लयींचा आहे, जॅझचा नव्हेच.

साष्टीकार

पहिला आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. दिवसा मुद्रणगृहात लिहिलेले वाजवायचे आणि रात्री क्लबात मोकळे व्हायचे, अशी या वादकांची दुहेरी दिनचर्या होती. त्यांच्यातले जॅझ प्रामुख्याने रात्रीचे, आणि ते क्वचितच मुद्रित झाले. आपल्या हाती उरला तो दिवसाचा पगारी भाग. म्हणजे तुमचा आक्षेप या धाग्याच्या मूळ मुद्द्यालाच बळ देतो.

दुसरा आक्षेप मात्र टिकणारा नाही. न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल पियानोवादक जेली रोल मॉर्टन सांगत असे की गाण्यात स्पॅनिश छटा नसेल तर जॅझला खरी चव येत नाही. क्यूबाची लय त्या बंदरात पहिल्यापासून आहे. लॅटिन वेगळे काढून शुद्ध जॅझ शोधायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही.

दक्षिण शिकागो

मी गेली बरीच वर्षे शिकागोत राहतो. साउथ साइडवरून जाताना मला नेहमी वाटते की जॅझच्या प्रसारात मुद्रणाइतकाच रेल्वेचा वाटा आहे. दक्षिणेतल्या दडपशाहीला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेला आली आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे वादकही. १९२२ मध्ये ऑलिव्हरने बोलावल्यावर आर्मस्ट्राँग याच मार्गाने येथे आला. ऑलिव्हरच्या संचात लिल हार्डिन ही शिकलेली पियानोवादक होती. १९२४ मध्ये आर्मस्ट्राँगशी तिचे लग्न झाले आणि त्याने दुसऱ्यांच्या सावलीत न राहता पुढे यावे म्हणून ती त्याच्या पाठीस लागली. २८ जून १९२८ रोजी त्याने येथे मुद्रित केलेल्या ‘वेस्ट एंड ब्लूज’चा आरंभीचा एकट्या ट्रंपेटचा तुकडा ऐकल्यावर एकल वादक म्हणजे काय याची व्याख्याच बदलते. लिलचे नाव मात्र अजूनही ‘आर्मस्ट्राँगची पत्नी’ एवढ्यावरच थांबते.

नाव कोणाचे आणि वापर कोणाचा, याचे राजकीय रूपही पाहिले पाहिजे. १९२७ च्या डिसेंबरपासून पियानोवादक आणि संचप्रमुख ड्यूक एलिंग्टन हार्लेमच्या ‘कॉटन क्लब’मध्ये वाजवू लागला. रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर फक्त गोरे गिऱ्हाईक, असा तेथला नियम होता. १९५६ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जॅझवादकांना सांस्कृतिक दूत म्हणून जगभर पाठवायला सुरुवात केली. देशात ज्यांना स्वतंत्र नळावर पाणी प्यावे लागे, त्यांच्याच हातून परदेशात स्वातंत्र्याची जाहिरात करायची होती. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवले गेले तेव्हा आर्मस्ट्राँगने सरकारला खडे बोल सुनावले आणि सोव्हिएत दौऱ्यावर जायला नकार दिला. नेहमी हसतमुख दिसणाऱ्या या माणसाला खुशमस्कऱ्या म्हणणारे गप्प झाले.

मध्यलय

याच योजनेतून पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये आणि एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात आले. ब्रुबेक मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसले. एलिंग्टनच्या ‘फार ईस्ट स्वीट’मध्ये आग्र्यावर एक रचना आहे आणि ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’मध्ये एका पक्ष्याची शीळ क्लॅरिनेटवर आली आहे. सरकारने प्रचारासाठी पाठवावे आणि कलावंताने तेथून पक्ष्याची शीळ घेऊन परतावे, हे मला फार आवडते. सरकारी योजनेशिवाय, स्वतःच्या ओढीने आला तो सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो पवईच्या आश्रमात राहिला, आणि १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने पहिली ‘जॅझ यात्रा’ झाली तेव्हा मुंबईच्या रसिकांसमोर वाजवायला परत आला.

गायकीवेडा

सुचवल्याप्रमाणे ‘काइंड ऑफ ब्लू’ तीन वेळा ऐकले. पहिल्या रचनेत फक्त दोन जागी षड्ज हलतो असे जाणवले आणि आता आवर्तन मोजता येते. पार्कर मात्र अजून हातातून निसटतो. शिवाय एक शंका उरली आहे. बोल्डनचे काहीच मुद्रित नसेल, तर तो नेमके काय वाजवत होता हे आपल्याला कसे कळले?

जुनी तबकडी (धागाकर्ता)

तुमची मोजणी बरोबर आहे. ती रचना बत्तीस मापांची आहे. पहिली सोळा मापे एका स्वरावर, मग आठ मापे अर्ध्या स्वराने वर आणि शेवटची आठ पुन्हा मूळ जागी.

बोल्डनबद्दल जे कळते ते दुसऱ्यांच्या तोंडून आणि बोटांतून. १९३८ मध्ये ॲलन लोमॅक्स या लोकसंगीत-संग्राहकाने वॉशिंग्टनला काँग्रेसच्या ग्रंथालयात जेली रोल मॉर्टनला पियानोसमोर बसवले आणि त्याच्या आठवणी तासन्‌तास मुद्रित केल्या. मॉर्टनचा काळ तेव्हा सरला होता. जॅझ आपणच १९०२ मध्ये शोधून काढले, असा त्याचा दावा होता आणि तो कोणी फारसा मनावर घेत नसे. अशा आत्मप्रौढ माणसाने त्या मुद्रणात बोल्डनची आठवण काढली, त्याच्या वेळी दालनात गायले जाणारे जरा अचकट असे गाणे गायले आणि पुढच्या वर्षी तेच स्वतःच्या तबकडीवर बोल्डनच्या नावाने वाजवले. चाल बोल्डनच्या संचाची, हात मॉर्टनचे, आणि मधे तीसहून अधिक वर्षे. यापेक्षा जवळ आपण जाऊ शकत नाही. बोल्डनला न्यू ऑर्लिन्सच्या होल्ट दफनभूमीत पुरले होते, पण त्या जागेवर खूण नव्हती. १९९८ मध्ये तेथे स्मारक उभारले गेले ते थडगे नेमके कोठे आहे हे ठाऊक नसतानाच.